यात्रेचे पाच दिवस, उरलेले तीनशे साठ

डिसेंबर संपत आला की सोलापूरच्या जुन्या गल्ल्यांतून रात्रीच्या वेळी काही माणसे एक भलीमोठी काठी उभी धरून चालताना दिसतात. बाहेरगावचा पाहुणा बरोबर असला तर तो दचकतो. त्याला सांगावे लागते, की हा नंदीध्वजाचा सराव आहे. गड्ड्याच्या यात्रेत जो नंदीध्वज मिरवायचा, तो दुमजली घराच्या वर जातो. एका वेळी एकच माणूस तो कमरेशी तोलून चालतो, आणि बाकीचे त्याच्या भोवती हात तयार ठेवून चालतात. काठी जरा कलली की आठ-दहा हात पुढे होतात. त्या हातांना रोजच्या व्यवहारात एकमेकांशी बोलायची सवय असतेच असे नाही.

माझे बालपण उत्तर कसब्यात गेले. हिरेहब्बूंचा वाडा आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. भोगीच्या दिवशी पहाटेपासूनच आई रांगोळी घालायला बसायची आणि आम्हा पोरांना रांगोळीवर पाय पडेल म्हणून ओट्यावरून हलू द्यायची नाही. मग पांढऱ्या बाराबंदीतली माणसे दिसू लागत. एक, दोन, दहा, आणि बघता बघता सगळी गल्ली पांढरी होई. आई मूळची अक्कलकोट तालुक्यातली. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये शिरायची, आणि रागावली की पूर्ण कन्नडमध्येच. वडील कोर्टात कारकून, देवधर्माच्या बाबतीत कोरडे. पण नंदीध्वज दारावरून जाताना तेही चप्पल काढून उभे राहत. एकदा मी विचारले, तर म्हणाले, "काठीला नाही, काठी पेलणाऱ्याला." हे उत्तर मला फार वर्षे पुरले.

यात्रा ज्यांची, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. तेव्हा या गावाचे नाव सोन्नलगी. त्यांनी कन्नडमध्ये वचने लिहिली, लोकांच्या श्रमातून तळे खणले आणि गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापन केली. अल्लमप्रभूंची भेट झाल्यावर ते कल्याणला बसवेश्वरांच्या मंडळीत गेले. आज मराठी म्हणवल्या जाणाऱ्या गावाचे ग्रामदैवत कन्नडमध्ये लिहिणारे. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणारेही त्यांच्यापुढे नारळ फोडूनच सभेला जातात, ही आमच्या गावाची गंमत.

कथा अशी, की एक कुंभारकन्या त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करायची. लग्न करीन तर यांच्याशीच, असा तिचा हट्ट. ते विरक्त. शेवटी त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला तिला संमती दिली. त्या लग्नाचा सोहळा म्हणजे आमची यात्रा. भोगीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम, मग शोभेचे दारूकाम, आणि पाचव्या दिवशी कप्पडकळी. होमाच्या दिवशी त्या नवरीचे प्रतीक अग्नीला दिले जाते. काठीशी लग्न आणि लगेच सती. कादंबरीकाराच्या नजरेने पाहिले तर या मुलीची बाजू कोणी नीट सांगितलेली नाही. मीही प्रयत्न केला होता. चाळीस पानांवर हात थांबला. असो.

मला बोलायचे आहे ते त्या सात काठ्यांबद्दल. नंदीध्वज सात. पाहणाऱ्याला सगळे सारखे दिसतात, पण प्रत्येकाचा मान वेगळा. पहिला देवस्थानचा, दुसरा कसब्याचा, तिसरा लिंगायत माळी समाजाचा, त्यानंतरचे विश्वब्राह्मण समाजाचे आणि शेवटचे दोन मातंग समाजाचे. लग्नात कुंभाराचा मान आहे. ज्याचा त्याचा मान ठरलेला, आणि तो घ्यायला आले नाही तर काम अडते. 'सर्वांनी गुण्यागोविंदाने राहावे' असे सांगणे वेगळे आणि 'तू आला नाहीस तर आमचा देव जागचा हलत नाही' असे सांगणे वेगळे. या दुसऱ्या सांगण्यात वजन आहे. धर्माने गावाला काही दिले असेल, तर मला वाटते ते हे.

हा मान उतरंडीचाही आहे, हे मला मोठेपणी दिसले. शेवटचा मान शेवटचाच असतो. लहानपणी सहावी-सातवी काठी येईपर्यंत आम्ही पोरे कंटाळून घरी गेलेलो असायचो. याचा अर्थ लागायला मला बँकेत नोकरी लागावी लागली.

बँकेत मी १९८१ साली लागलो आणि मधली काही वर्षे बदलीत गेली, तरी बहुतेक नोकरी सोलापुरातच झाली. गावाला चार भाषा आहेत हे शाळेत शिकलो होतो. काऊंटरवर बसल्यावर ते कळले. सकाळच्या पहिल्या तासात मराठीत मुदतठेव, कन्नडमध्ये सोनेतारण, तेलुगूत विडी कामगार बाईचे बचत खाते आणि दखनी उर्दूत ड्राफ्ट. पद्मशाली समाजाची माणसे इकडे आली ती तेलंगणातून, हातमाग घेऊन. त्यांचा मार्कंडेयाचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो. सोलापुरी चादर आणि टॉवेल जगभर गेले ते त्यांच्या आणि मुसलमान कारागिरांच्या मागांवरून. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर गावाचे घड्याळ चालायचे. गिरणीत खाते एकच, पाळी एकच. डबा मात्र बहुधा आपापल्या माणसांत बसून खायचा.

या गावाचा एक दिवस मी दरवर्षी पाळतो. १२ जानेवारी. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर उठले. ८ मे रोजी शंकर शिवदारे नावाचा तरुण गोळीला बळी पडला. पोलीस मारले गेले, कोर्ट जळाले, आणि दोन-तीन दिवस या गावात इंग्रजांचे राज्य नव्हतेच. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर खटला चालला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली. नुसती नावे वाचली तरी गावाची वस्ती कळते. कुर्बान हुसेन तर जेमतेम विशीतले. गिरणी कामगारांत वावरणारे आणि 'गझनफर' नावाचे पत्र काढणारे. फाशीच्या दुसऱ्या दिवशी भोगी होती. त्या सकाळी आमच्या गल्लीतल्या बायकांनी रांगोळी कशी घातली असेल, हे मला आईच्या आईला विचारायचे राहून गेले.

या चौघांवर भाषणे पुष्कळ होतात. चार धर्म-जातींचे चार जण एकत्र फासावर गेले, असे आपण अभिमानाने सांगतो. खरे आहे ते. पण ते चौघे काही एकोपा दाखवण्यासाठी मेले नव्हते. सभा, मिरवणुका, गिरण्यांच्या फाटकांवरची भाषणे, दारूच्या दुकानांवरची निदर्शने यांनी पेटलेल्या एका गावातली ती माणसे होती. काम आधी होते. फाशी मागाहून, सरकारने दिली.

सोलापूरहून पन्नासेक किलोमीटरवर मंगळवेढे आहे. माझ्यासारख्या बँकवाल्याने तिथे मुद्दाम जावे. एकाच गावाने दोन हिशेबनीस संत दिले. बसवेश्वर कल्याणला जाण्यापूर्वी मंगळवेढ्यात बिज्जलाच्या पदरी कारणिकाचे, म्हणजे हिशेबाचे काम करत. दुसरे दामाजीपंत. ते बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे दारात मरू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले. आमच्या भाषेत सांगायचे तर मंजुरीविना वाटप; चौकशी, निलंबन, वसुली, सगळे लागू. पुढची कथा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. दामाजीला बिदरला धरून नेले जात असताना विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची रक्कम बादशहापुढे ओतली आणि पावती घेतली.

पावती घेतली, हा तपशील मला सर्वांत आवडतो. ज्या कुणी ही कथा प्रथम रचली, त्याला व्यवहार ठाऊक होता. हिंदूंचा देव, महाराचे रूप, मुसलमान राजा, उपाशी रयत आणि रीतसर पावती. बादशहाला कथेत कोणी राक्षस केलेले नाही. त्याचे येणे होते, ते चुकते झाले. एकाच राज्यात वेगवेगळ्या धर्मांची माणसे कशी राहतात याविषयी मी बरीच जाडजूड पुस्तके वाचली; इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेले नाही.

आणि तरीही, जो देव महार होऊन बिदरला गेला, त्याच्या पंढरपूरच्या देवळात खऱ्या महाराला पाऊल टाकता येत नव्हते. चोखोबांची समाधी बाहेर, पायरीशी. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा कुठे त्या दाराचा प्रश्न सुटला. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले होते. शतकानुशतके कीर्तनात दामाजीची कथा रंगत होती, श्रोत्यांचे डोळे भरून येत होते, आणि कीर्तन संपल्यावर जो तो आपापल्या जागी जात होता. डोळ्यांत पाणी येणे ही फार सोपी गोष्ट आहे, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

तो अनुभव असा.

२००२ च्या ऑक्टोबरमध्ये मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाखेचा मॅनेजर होतो. शाखेभोवती यंत्रमागांचे कारखाने. दिवसभर काऊंटरवर बोलायचे तर मागांच्या खडखडाटावर आवाज चढवावा लागे. अमेरिकेतले जेरी फॉलवेल नावाचे एक धर्मोपदेशक टीव्हीवरच्या मुलाखतीत महंमद पैगंबरांबद्दल अत्यंत अवमानकारक बोलले. त्याच्या निषेधासाठी सोलापुरात बंद पुकारला गेला. बंदात दगड आले, दगडांना उत्तरे आली, आग लागली, संचारबंदी आली. माणसे मेली. नवरात्र चालू होते. आमच्या हेड क्लार्क बाई तेलुगू. त्यांच्या गल्लीत दरवर्षी बायका फुलांची बतकम्मा मांडून फेर धरतात. त्या वर्षी ज्या त्या बाईने दार लावून घरातच चार फुले मांडली, असे त्या सांगत होत्या. फॉलवेलसाहेबांनी दोन-चार दिवसांत माफी मागितली म्हणतात. ज्याचा माग जळाला, त्याला ती कोणी नेऊन पोचवायची?

संचारबंदी उठली, माग सुरू झाले आणि आम्ही म्हणालो, चला, गाव सावरले.

माझ्या टेबलावर त्या वेळी दोन फाईली होत्या. दोन्ही यंत्रमागांच्या, दोन्ही कॅश क्रेडिटच्या मर्यादेचे नूतनीकरण. दोन्ही कारखाने एकमेकांपासून दोन गल्ल्यांवर. एक खातेदार पद्मशाली, दुसरे मुसलमान. या दुसऱ्यांना शाखेत सगळे चाचा म्हणत. पन्नाशी उलटलेले, भाड्याच्या शेडमध्ये चार लूम, टॉवेलचे काम. व्याज महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरणारे. स्टॉक स्टेटमेंट त्यांची मुलगी लिहायची, सुबक मराठी अक्षरात; आमचे ऑडिटरसुद्धा त्या कागदाचे कौतुक करून गेले होते.

पद्मशाली खातेदाराची फाईल मी २४ ऑक्टोबरला मंजूर केली. चाचांची ठेवून दिली.

नामंजूर केली नाही. तसे केले असते तर कारण लिहावे लागले असते. "जरा शांत होऊ द्या, चाचा, मग बघू," एवढेच म्हणालो. वरून काही आदेश नव्हता. कोणी कानात काही सांगितले नव्हते. दंगलीत त्यांचे लूम जळले तर कर्ज बुडेल, ही भीती मी स्वतःला सांगत होतो. पण दंगल झाली तर दोन्ही कारखाने एकाच आगीच्या वाटेवर होते. शिवाय विमा होता, दंगलीसकट. त्याचा हप्ता आम्हीच त्यांच्या खात्यातून वळता केला होता. मग काय होते? द्वेष नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण द्वेष असता तर निदान मला दिसला असता. ते काहीतरी इतके साधे होते, की त्याला नावच नव्हते. हात एका फाईलकडे जाई आणि दुसरीकडे जात नसे.

चाचा दर आठ-दहा दिवसांनी येत. "साहेब, कागद झाला का?" मी म्हणे, "होईल." चहा मागवी. अर्धा कप पिऊन ते उठत. दिवाळी गेली. रमजान गेला, ईद झाली. सूतवाल्याने उधार बंद केले असणार. ते मी विचारले नाही.

जानेवारी आला. १२ तारखेला रविवार होता. गावातल्या एका कार्यक्रमात मी चार हुतात्म्यांवर बोललो. कुर्बान हुसेनांवर तर जरा जास्तच. लोक म्हणाले, साहेब, आज काटा आला अंगावर. संक्रांतीला बायको-मुलांना घेऊन संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत उभा राहून अक्षता टाकल्या. सातही काठ्या येईपर्यंत थांबलो. आता मला त्यांचा अर्थ कळत होता ना! आणि फाईल टेबलाच्या उजव्या खणात होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चाचा आले. त्या दिवशी त्यांनी कागद झाला का असे विचारले नाही. बसले आणि म्हणाले, "साहेब, आता तीनच लूम आहेत. लिमिट कमी केली तरी चालतंय."

आवाजात टोमणा नव्हता. माझी अडचण त्यांनी सोडवली होती.

ते गेल्यावर हेड क्लार्क बाई आवक नोंदवही घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उघडी ठेवून गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. २३ सप्टेंबर २००२ चे पान. दोन्ही नावे एकाच पानावर, मध्ये दोन ओळींचे अंतर. एका नावापुढे जावक क्रमांक होता, दुसऱ्यापुढची जागा कोरी होती. मी त्याच दिवशी सही केली. तीन लूमच्या हिशेबाने.

हे मी कधी कोणाला सांगितले नाही. निवृत्तीनंतर दोन कादंबऱ्या लिहिल्या. बँक आहे त्यांत, दंगलही आहे, आणि दोन्हींत मॅनेजर बरा माणूस आहे.

'विविध धर्मांच्या समाजात धर्माचे स्थान' हा विषय आपल्याकडे निघतो तो नेहमी मोठ्या आवाजात. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी, भोंगा किती वेळ वाजावा, कोणी कोणाच्या उत्सवात प्रसाद घेतला. हे प्रश्न खोटे नाहीत. सोलापूरच्या गणपतीत लेझीम होते तिथे डीजे आला आणि दोन तासांची मिरवणूक सहा तासांची झाली, याचा त्रास मलाही होतो. आजही खेड्यापाड्यांत मोहरमचे पंजे हिंदूंच्या खांद्यांवरून जातात, ते पाहून मला बरे वाटते. पण यात्रेत प्रत्येकाचा वाटा ठरवून दिलेला आहे. बाकीच्या दिवसांचा वाटा कोणी ठरवून दिलेला नाही. तो बँकेच्या खणात, भाड्याच्या खोलीच्या व्यवहारात, शाळेच्या प्रवेशाच्या यादीत, माझ्या-तुमच्यासारख्या बऱ्या माणसांच्या हातात असतो. तिथे ढोल वाजत नाहीत, पोलीस बंदोबस्त लागत नाही.

आमच्याच सोसायटीत मागच्या वर्षी एक फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. मालक पुण्याला. चावी माझ्याकडे. दोन-तीन शेजारी सहज म्हणून भेटून गेले. "काका, तसे आमचे काही नाही, पण खाण्यापिण्याचं बघून घ्या." 'तसे आमचे काही नाही' हे वाक्य मी ओळखले. ते माझेच होते. बाईंच्या नोंदवहीचे पान आठवले, आणि जो पहिला आला, ज्याच्या पगाराचे कागद नीट होते, त्याला चावी दिली. आडनाव वाचायचे मी शेवटी ठेवले. यात मोठेपणा नाही. दोन शेजारी अजून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत, एवढेच.

शहराच्या बाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली उभी राहिली. तिथल्या तेलुगू, मुसलमान, मराठी बायकांना एका रांगेत घरे मिळाली ती त्या विड्या वळतात म्हणून. तिथे मी अधूनमधून जातो. भांडणे होतात, पाण्यावरून होतात. पाण्यावरून होतात याचे मला बरे वाटते.

यंदा गड्ड्यावर गेलो होतो. होम मैदानावर पाळणे, भगर, चादरींचे स्टॉल, धूळ. गर्दीत टॉवेलच्या एका स्टॉलवर थांबलो. चाळिशीचा माणूस. त्याने मला ओळखले. मी त्याला नाही. तो म्हणाला, "तुमी आमच्या बँकेत होता ना, साहेब? चाचांचा मुलगा मी." चाचा जाऊन काही वर्षे झाली, असे त्याने सांगितले. बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मला ते अक्षर आठवले.

मी दोन टॉवेल घेतले. भाव केला नाही. त्यानेही कमी केला नाही. पाचशेची नोट दिली, त्याने सुटे मोजून, दोनदा मोजून, परत दिले.

"अब्बा तुमचं नाव घ्यायचे," तो म्हणाला.

काय म्हणायचे, ते मी विचारले नाही. मागे सहावी काठी आली होती, गर्दी सरकू लागली होती, आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.